‘सवय होईल, मॅडम’ म्हणणाऱ्या साहेबांना खुलं पत्र

कट्टा, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग

प्रति,
विक्री सल्लागार महोदय,
दुचाक्यांचं एक चकचकीत शोरूम, मुंबई-गोवा महामार्गालगत

विषय : माझे पाय आखूड निघाल्याबद्दल दिलगिरी

महोदय,

शोरूमचं नाव मुद्दामच घालत नाही. घातलं तर बाकीच्या शोरूमवाल्यांना वाटेल, आपण सुटलो.

माझी उंची चार फूट अकरा इंच. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत कायम पुढे उभी राहायचे, त्यामुळे ही गोष्ट मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण हा एक दोष आहे, तो स्कूटर घेण्याच्या आड येतो आणि थोड्या सवयीने तो बराही होतो, हे निदान तुमच्याकडे पाऊल टाकेपर्यंत कोणी केलं नव्हतं. डॉक्टर असल्या कामाची फी घेतात. तुम्ही फुकट केलंत, वर थंडगार कोकम सरबतही पाजलंत. आभारी आहे.

मला गाडी कशाला हवी, हे तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून इथे सांगते. मी एका पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोजची बचत, गोळा करते. आमच्या कट्ट्याच्या बाजारपेठेतली दुकानं, मग पेंडूरच्या वाटेवरची घरं, मग चौक्याच्या दिशेने रस्त्याकडेचे दोन-चार टपरीवाले. एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ते मी आनंदाने काढते. पण एसटी काही दर पन्नास पावलांवर माझ्यासाठी थांबायची नाही. मला थांबावं लागतं. दुकानासमोर, उतारावर, गटाराच्या कडेला, मागून डंपर येत असताना. तेव्हा मला पळणारी गाडी नकोच होती, थांबणारी हवी होती. थांबल्यावर माझ्यासकट उभी राहील अशी.

तुम्ही मात्र मला ताशी किती जाते ते सांगितलंत. म्हणजे मला नाही, माझ्या भावाला. तो सहज सोबत आला होता. इंजिन त्याला सांगितलंत, मायलेज त्याला, सर्व्हिसिंग कधी करायचं तेही त्याला. माझ्याकडे वळलात ते एकदाच : ‘मॅडम, कलर कोणता?’ भाऊ बिचारा म्हणाला, ‘गाडी ही चालवणार आहे.’ त्यावर तुम्ही हसून ‘हो हो, लेडीजसाठी बेस्ट मॉडेल’ असं म्हणालात आणि परत त्याच्याकडे वळून हप्ते समजावायला लागलात. जीएसटी उतरला, आजच बुक करा, असंही सांगितलंत. खरं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाक्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. कर दहा अंकांनी खाली आला, सीट मात्र एक मिलिमीटरही आली नाही.

मग तुम्ही मला गाडीवर बसवलंत. गाडी डबल स्टँडवर. खाली आरशासारख्या टाइल्स, डोक्यावर एसी. डबल स्टँडवरची गाडी स्वतःच्याच पायांवर उभी असते, तिला माझ्या पायांची गरज नसते. मी म्हटलं, स्टँडवरून काढा. काढलीत, पण हँडल धरूनच ठेवलंत. मी टाचा उचलल्या, चपलेची टोकं टाइल्सवर टेकवली. ‘पोचतायत की!’ तुम्ही जाहीर केलंत. मी म्हटलं, आता हँडल सोडा. तुम्ही सोडलंत, गाडी उजवीकडे कलली, मी दातओठ खाऊन धरली, तुम्ही मागून पकडलीत आणि माझ्या भावाने पुढून. तिघांनी मिळून सावरलेल्या त्या गाडीवर मी बसलेली असताना तुमच्या मुखातून ते अमृतवचन बाहेर पडलं : ‘सवय होईल, मॅडम.’

साहेब, मी बुकिंग न करता परत आले, आणि तेव्हापासून तुमच्या या वाक्याचा अभ्यास करते आहे.

पहिला प्रश्न असा, की सवय नक्की किती जणींना व्हायची? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या बायकांची उंची मोजतात. सरासरी येते १५२ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे पाच फूट. याचा अर्थ मी काही सर्कशीतून पळून आलेली नाही. सरासरीपेक्षा बोटभर कमी, एवढंच. तुमच्या दारात येणाऱ्या बायकांपैकी साधारण निम्म्या पाच फुटांच्या आतल्या असणार. तरी तुमच्या बोलण्यात आम्ही कायम अपवाद असतो, ‘थोडी हाइट कमी आहे’ असं म्हणून बाजूला काढायच्या.

हा गैरसमज तुमचा एकट्याचा नाही, म्हणून फार वाईट वाटून घेऊ नका. मोटारी भिंतीवर आपटून तपासतात त्या चाचणीतल्या अमेरिकन बाहुल्या असतात ना, त्यांच्यात बायकांची म्हणून जी लहान बाहुली आहे, तिची उंची साधारण १५० सेंटिमीटर आणि वजन ४९ किलो. तिकडे ती सगळ्यात लहानखुऱ्या पाच टक्के बायकांची प्रतिनिधी. इकडे तीच बाहुली साडी नेसून कट्ट्याच्या बाजारात आली, तर तिच्याकडे कोणी वळूनही बघणार नाही. फार तर मासेवाली विचारील, ‘बांगडे घेतलंस काय गो?’

मग तुमची गाडी नेमकी कोणाच्या मापाची? माझ्या ओळखीत एकच नाव आहे. आरवलीचा वेतोबा. नऊ फुटांच्या घरातली मूर्ती, रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजवतो, म्हणून भक्त त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात. त्याने तुमच्या गाडीवर बसून दोन्ही पाय सपाट टेकवले असते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण देवाला गाडीचं लायसन लागत नाही आणि तो हप्तेही भरणार नाही. गिऱ्हाईक म्हणून शेवटी आम्हीच.

आता तुमच्या माहितीपत्रकाकडे वळू. ते तुम्ही मला पिशवीत घालून दिलंत, मी ते वाचलं. वाचेन असं तुम्हाला वाटलं नसावं. सीटची उंची शेवटच्या पानावर तळाशी असते, रंगांची नावं पहिल्या पानावर. घरी आल्यावर मी बाकीच्या कंपन्यांचीही पत्रकं जमवली. टीव्हीएस स्कूटी झेस्टची सीट ७६० मिलिमीटरवर. होंडा अ‍ॅक्टिवा ६जीची ७६४. हीरो प्लेजर प्लसची ७६५. २०२४ साली आलेल्या नव्या ज्युपिटर ११०ची ७७०. सुझुकी अ‍ॅक्सेसची ७७३. यामाहा फॅसिनोची ७८०. विजेवरच्या एथर रिझ्टाचीही ७८०. सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात उंच यांच्यात फरक दोन सेंटिमीटरचा. एवढ्या मोठ्या बाजारात आमच्या वाट्याला निवड आली ती दोन सेंटिमीटरची.

पाच फुटी बाईच्या पायाची आतली लांबी, जांघेपासून तळव्यापर्यंत, ६८-७० सेंटिमीटरच्या घरात. सीट ७६ ला. हे सहा-आठ सेंटिमीटर आणायचे कुठून? थोडे चपलेच्या तळव्यातून येतात. थोडे आपल्या वजनाने स्प्रिंग आणि फोम दबतात त्यातून. उरलेले टाचा उचलून भरायचे. तुमच्या ‘पोचतायत की’ चा हा सगळा हिशेब. पोचतात, पण टेकत नाहीत. टाइल्सवर बोटांच्या टोकावर उभं राहणं वेगळं आणि शंभर किलोची गाडी त्या टोकांवर तोलणं वेगळं.

आणि हा आकडासुद्धा अर्धंच सांगतो. सीटची उंची मधोमध मोजतात. माझे पाय मधून खाली जात नाहीत, कडेवरून जातात. सीट पुढे रुंद असली की मांड्या फाकतात, पाय तिरके होतात आणि तेवढी लांबी वाया जाते. त्यात खालचं पायदान रुंद असेल तर पाय आणखी बाहेर ढकलले जातात. म्हणून ७६०ची रुंद सीट एखादीला उंच वाटते आणि ७७०ची अरुंद सीट बरी वाटते. हे कोणत्याच पत्रकात लिहिलेलं नसतं. बसल्याशिवाय कळत नाही, आणि बसल्यावर तुम्ही हँडल सोडत नाही.

आता वजन. जुनी स्कूटी पेप प्लस आठवते? आमच्याकडच्या अंगणवाडी सेविका आणि शिक्षिका तिच्यावरून जन्म काढायच्या. तिची सीट ७६८, म्हणजे अ‍ॅक्टिवापेक्षा चार मिलिमीटर उंचच. तरी ठेंगण्या बायका तिच्यावर खूश. कारण ती ९३ किलोची होती आणि अंगाने सडपातळ. अ‍ॅक्टिवा १०६च्या आसपास. फॅसिनो उंच दिसते, पण पत्रकावर ९९ किलो. रिझ्टा ११९. पाय पुरता टेकत नसताना गाडी कलली की पुढचा सगळा खेळ मनगटांचा, आणि तिथे दहा किलोही कळतात. तुम्ही विचारलंत का कधी कोणाला, की ताई, ही गाडी तुम्ही एकट्याने डबल स्टँडवर घेऊ शकाल का? तोल गेला तर उभी करू शकाल का? मला नाही विचारलंत. कलर विचारलात.

तुमच्या शोरूमची फरशी सपाट आहे, हा तुमचा दोष नाही. पण आमच्या कट्ट्यात सपाट असं काही नाही. कसालकडून मालवणकडे जाणारा रस्ता बघा. डांबर संपतं तिथे साइडपट्टी सुरू होते, आणि ती डांबराच्या बरोबरीने असेल तर तो निवडणुकीचा मोसम समजावा. एरवी दोन बोटांपासून वीतभर खोल. समोरून एसटी आली की बाजूला घ्यावं लागतं आणि थांबताना डावा पाय खाली टाकावा लागतो. डावीकडची जमीन खाली गेलेली. टाइल्सवर जे बोटांचं टोक टेकत होतं, ते इथे हवेत. घरी जायची वाट जांभ्याच्या चिऱ्यांची. जूनपासून तिच्यावर शेवाळ धरतं ते थेट नवरात्रापर्यंत. तिथे चपलेचं टोक टेकवून गाडी तोलायची म्हणजे सरळ दगडी गडग्यावर जाऊन आपटायची. या सगळ्यात पायदानावर नारळांचं पोतं असतं, नाहीतर गॅसचा सिलिंडर. ठेवू नये, हे मलाही कळतं. पण गावात सगळेच ठेवतात, आणि ठेवल्यावर पाय आणखी बाहेर जातात.

आमची मासेवाली काकी मला एकदा मैत्रिणीच्या गाडीवर टाचा उचलून थांबलेली बघून म्हणाली, ‘गाडी इकल्यान, आता पाय कोण देतलो?’ तुमच्या प्रशिक्षणवर्गात तिला एकदा बोलवा. चहा-नाश्ता माझ्याकडून.

पण तुम्ही म्हणालात तेही अगदीच खोटं नाही. सवय होते. अशा गाड्या घेतलेल्या बायका मी रोज बघते, त्यांना काय काय सवयी लागल्या ते सांगते. थांबायच्या आधीच विजेचा खांब नाहीतर गडगा हेरून ठेवायची सवय लागते, पाय नाही तर हात तरी टेकायला मिळावा म्हणून. दुकान उतारावर असेल तर पुढे जाऊन सपाटीवर लावायची आणि मागे चालत यायची सवय लागते. थांबताना पुढे सरकून सीटवरून अर्धं खाली उतरायची सवय लागते. पावसाळ्यात गाडी पडवीत झाकून ठेवायची सवय लागते. मालवणला जायचं तर ‘कोणाबरोबर तरी जाते’ म्हणायची सवय लागते. मग हळूहळू गाडी भाच्याची होते, नाहीतर दिराची. कागदपत्रं तिच्या नावावर, हप्ता तिच्या पगारातून, किल्ली दुसऱ्याच्या खिशात. तिने स्कूटर घेतली ती कोणाच्या मागे बसायला लागू नये म्हणून. तुमच्या सवयीने ती पुन्हा मागच्या सीटवर जाऊन बसली, आणि आता गाडीही तिचीच.

लायसनच्या परीक्षेत गंमत याच्या उलट. ओरोसला आठचा आकडा काढताना पाय जमिनीला लागला की नापास. रस्त्यावर पाय जमिनीला लागला नाही की नापास. पहिल्या परीक्षेसाठी सरकार आहे. दुसऱ्या परीक्षेला बसवण्याआधी तुम्ही होतात, पण तुम्ही रंग दाखवत होतात.

तुमच्याकडे तोडगे तयार असतात, हेही मान्य केलं पाहिजे. पहिला तोडगा : ‘जरा जाड सोलची चप्पल घाला.’ घातली की जमीन किती खाली आहे ते तळव्याला उशिरा कळतं, आणि ओल्या जांभ्यावर तिचा तळवा साबण होतो. रबरी, खाचा असलेला, पायाला पट्ट्याने घट्ट धरणारा सोल हवा. दुसरा तोडगा : ‘सीट कापून देतो.’ हा काही वाईट नाही, पण करणारा जाणता हवा. आधी पुढच्या बाजूच्या दोन्ही कडा तासाव्यात, म्हणजे पाय सरळ खाली येतात. वरून फोम काढायचा तर फार तर इंचभर. त्याहून जास्त काढला की खालचा कडक तळ माकडहाडाला लागतो, आणि पिग्मीची फेरी संपेपर्यंत बाई बसायचं विसरते. तिसरा तोडगा : ‘मागचा शॉकअप खाली करून घ्या, गॅरेजवाला करतो.’ नका करू. गाडी खाली गेली की आमच्याकडचा प्रत्येक गतिरोधक तिच्या पोटाला लागतो, वळणावर स्टँड घासतो आणि गाडीचा मूळ तोल बिघडतो तो बिघडतोच.

तुमचीही एक अडचण आहे, ती मी नाकारत नाही. बुटकी गाडी करायची तर बरेचदा चाकं लहान ठेवावी लागतात. झेस्टची दोन्ही चाकं दहा इंची. अ‍ॅक्टिवाचं पुढचं चाक २०२०च्या ६जीपासून बारा इंची झालं, ज्युपिटरची दोन्ही बारा इंची. खड्ड्यात मोठं चाक बरं, हे कोकणात कोणाला शिकवायला नको. म्हणजे थांबताना सोपी हवी तर खड्ड्यात थोडे दणके सोसा, आणि खड्ड्यात सोपी हवी तर थांबताना थोडं जपा. ही देवघेव आहे. ती करायला मी तयार आहे. माझी तक्रार एवढीच, की ती कोणी माझ्यासमोर मांडलीच नाही. ज्युपिटरची पेट्रोलची टाकी पायदानाखाली असते, त्यामुळे गाडीचं वजन खालच्या अंगाला राहतं, आकडा मोठा असूनही हाताला हलकी लागू शकते. ही गोष्ट मला कुठल्याही सेल्समनने सांगितली नाही. आमच्या बाजारातल्या गॅरेजवाल्याने गाडी उघडून दाखवली.

आणि असंही नाही, की चालवणाऱ्या माणसाची सोय बघून गाडी करायची कल्पना जगात कोणाला सुचलीच नाही. १९४६ साली इटलीत व्हेस्पा आली. ती आखली कोर्रादिनो दास्कानियो नावाच्या विमानांच्या इंजिनिअरने, आणि त्याला मोटरसायकली आवडत नसत. म्हणून पाय उचलून टांग टाकावी लागू नये, झगा घातलेल्या बाईलाही बसता यावं, अशी मधून मोकळी गाडी त्याने काढली. १९५८ साली जपानात होंडाने सुपर कब काढली. सोबा नूडल्स पोचवणाऱ्या पोऱ्याला एका हाताने चालवता यावी, हा तिचा हिशेब. २०१७ पर्यंत तिचं उत्पादन दहा कोटींवर गेलं. जगात सगळ्यात जास्त बनलेली इंजिनाची गाडी ही चालवणाऱ्या माणसाचा विचार करून केलेली आहे. तुम्ही ज्या धंद्यात आहात त्या धंद्याचा हा इतिहास.

लांब कशाला? आपल्याच महाराष्ट्रात फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली लुना आणली. पन्नास सीसी, पायाला पेडल, अंगाने सायकलीची मोठी बहीण. पुण्यापासून आमच्या तळकोकणापर्यंत किती शिक्षिका आणि नर्सबाई तिच्यावरून नोकरीला गेल्या, त्यांना कोणी सवय करून घ्या असं सांगितलं नाही. १९८४ साली कायनेटिक होंडा आली, गिअर नाही, बटण दाबलं की सुरू. साडी आवरून किक मारायचं संकट तिथे संपलं. २००५ साली हीरो होंडाने प्लेजर काढली तेव्हा तर जाहिरातीतच विचारलं, की मजा मुलग्यांनीच का करायची, आणि बायकांसाठी वेगळी शोरूमही उघडली. म्हणजे बाई गिऱ्हाईक आहे, हे कंपन्यांना वीस वर्षांपूर्वीच कळलं. महामार्गालगतच्या तुमच्या काउंटरपर्यंत ही बातमी अजून पोचायची आहे. पाय टेकत नसतील बहुधा.

मी पुढे काय केलं, तेही सांगते. आमची बाजारपेठच माझं शोरूम झाली. गाडी लावून उतरणारी ओळखीची बाई दिसली की म्हणायचं, ‘वायच बसान बघू?’ नाही कोणी म्हणालं नाही. उलट प्रत्येकीने आपली कर्मकथा ऐकवली. कोणाचा ब्रेकचा लिव्हर बोटांना लांब पडतो, कोणाला पुढे सरकून बसावं लागतं आणि मग गुडघे पुढच्या पत्र्याला लागतात, कोणाला उतारावर गाडी मागे घेताच येत नाही म्हणून दुकानदाराला हाक मारावी लागते. यातल्या एकीलाही विकणाऱ्याने आधी काही सांगितलं नव्हतं. त्या गाड्यांवर बसून माझं मत पक्कं झालं ते असं : माझ्यासारखीला शंभर किलोच्या आसपासची, पुढे अरुंद सीटची, ११० सीसीची गाडी पुरे. १२५ सीसीचा जोर कट्टा-मालवण फेरीला लागत नाही. विजेवरची घ्यायची तर आधी तिचं वजन बघायचं, मग पावसाळ्यात वीज किती वेळ टिकते ते. दोन्ही पाय सपाट टेकलेच पाहिजेत, असा हट्ट नाही. डावा पाय पुरता टेकला, नाहीतर दोन्ही पायांचे पुढचे चवडे भक्कम टेकले, की गाडी आपली.

तेव्हा महोदय, पुढच्या वेळी माझ्या उंचीची कोणी आली तर एवढं करा :

१. आधी तिच्याशी बोला. सोबतच्या पुरुषाला सरबत द्या.

२. गाडी स्टँडवरून काढा, तिला बसवा आणि हँडल सोडा. बाजूला उभे राहा, पण हात मागे बांधून.

३. टेस्ट राइड महामार्गाच्या सपाटीवर देऊ नका. चढावर थांबवा, उतारावर थांबवा, साइडपट्टीला डावा पाय टाकायला लावा.

४. तिलाच गाडी डबल स्टँडवर घ्यायला सांगा. स्टँडवर पायाने पूर्ण वजन टाकायचं आणि मागचा हँडल नुसता वर मागे घ्यायचा, हाताने ओढायची नाही, ही युक्ती तेव्हाच शिकवा. जमलं नाही तर दुसरी गाडी दाखवा.

५. ब्रेक दाबायला लावा. डावा आणि उजवा, दोन्ही लिव्हरपर्यंत बोटं आरामात पोचतात का ते बघा.

६. जे मॉडेल गोदामात पडून आहे ते तिच्या मापाचं असतंच असं नाही, हे वाक्य सकाळी शटर उघडताना एकदा मनात म्हणा.

हे सगळं करायला फार तर अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासाने एखादी गाडी कमी खपेल, हे मला मान्य. पण खपलेली गाडी पडवीत झाकून पडणार नाही. ती रस्त्यावर दिसेल, तिची सर्व्हिसिंग तुमच्याकडेच येईल, आणि तिची मालकीण आणखी चारजणींना तुमच्याकडे पाठवील. धंद्याचंच बोलते आहे. दुसरं काही तुम्हाला पटणार नाही, अशी माझी समजूत झाली आहे.

कळावे, लोभ नसावा.

आपली,
चार फूट अकरा इंचांची एक गिऱ्हाईक

ता. क. : हे पत्र वाचणाऱ्या माझ्या उंचीच्या बायांनो, गाडी बघायला जाताना रोजचीच चप्पल घाला, रोजची पिशवी सोबत घ्या, आणि भावाला नाहीतर नवऱ्याला बाहेर उभं करा. सीटच्या उंचीबरोबर वजन विचारा, सीटवर बसून मांड्या किती फाकतात ते बघा. सेल्समनने हँडल सोडल्यावर गाडी तुम्हाला एकटीला उभी धरता आली, तरच पैसे टेकवा. तोवर ‘सवय होईल’ म्हणणाऱ्याला एवढंच सांगा, की सवय आम्हाला भरपूर आहे, आता थोडी तुम्ही करून घ्या.